मुंजाहि ज्याला भितो



गेल्या दिवाळीपासून आमच्या जुळे सोलापुरांतील घरीं माझे चार माजी विद्यार्थी दर रविवारीं एक खेळ मांडीत असतात. पालकांपैकीं पुष्कळांस तो अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द सांगतों. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णितो, पात्रें काय करितात तें खेळणारे सांगतात, आणि संशयाच्या जागीं फांसे टाकून निकाल लागतो. १९७४ सालीं अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला. आमच्या मुलांनीं मात्र परदेशी राजे-राक्षस सोडून आजचें सोलापूरच रंगभूमि म्हणून घेतलें. भुईकोट किल्ल्याच्या खंदकांत गिऱ्हा, बंद गिरणीच्या आवारांतील पिंपळावर मुंजा, आणि वेताळ तर रिक्षा चालवितो! (ही शेवटची कल्पना मला फारच आवडली.)

कांहीं दिवसांनीं सूत्रधारास वाटलें कीं, आतां या जगाच्या पलीकडील एखादें भय आणावें. त्यानें सात रस्त्याच्या चौकांत शंभर सोंडांचा एक प्राणी उतरविला. मुलें पोट धरून हसलीं, आणि फांशाच्या दोन डावांत प्राणी निकालांत निघाला. बिचारा हिरमुसून मजकडे आला. त्याला जें सांगितलें तेंच येथें लिहितों.

आपलीं भुतें हीं आपल्याच समाजाचे घटक होत. सोडमुंज होण्यापूर्वीं मेला तो मुंजा. बुडून मेला तो गिऱ्हा. बाळंतपणांत मेली ती हडळ. धनांत जीव गुंतून मेला तो समंध. प्रत्येकाचें कांहीं राहिलेलें असतें, कांहीं गाऱ्हाणें असतें. म्हणून त्याच्याशीं बोलतां येतें, प्रसंगीं दटावितांहि येतें. हॉवर्ड लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन लेखकानें कल्पिलेल्या शक्तींचें तसें नाहीं. त्यांना मनुष्याविषयीं प्रेम नाहीं आणि द्वेषहि नाहीं. वारुळावरून बैलगाडी जावी तशा त्या जातात. मराठींत नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं अशा बाहेरच्या शक्ति आपल्या ओळखीच्या घरांत आणून सोडल्या. लव्हक्राफ्टच्या कथांवर १९८१ सालीं 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ निघाला. त्यांत पात्राच्या मनःस्वास्थ्याचेहि अंक मोजतात, व भयंकर दर्शन घडतांच ते घटूं लागतात. तेथें तलवारीचें काम थोडेंच.

तेव्हां अशा भयाला सोंडा नि दांत देणें हीच पहिली चूक. तें मुंजाच्या डोळ्यांत दिसूं द्यावें. ज्याची पात्रांना संवय झाली, ज्याच्याशीं त्यांचा सौदा जमला, तोच एके रात्रीं दार ठोठावून आश्रय मागूं लागला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. सूत्रधारानें हें मनावर घेतलें. एके काळीं या शहराचें घड्याळ म्हणजे गिरण्यांचा भोंगा. आजच्या मुलांनीं तो ऐकलेलाहि नाहीं. पुढच्या रविवारीं तो भोंगा विजापूर रस्त्यावरील कंबर तलावाच्या पाण्याखालून वाजूं लागला. पिंपळ रिकामा, आणि मुंजा दाराशीं. खोलींत कोणी हसलें नाहीं.

परंतु या यशांतच एक दोष निघाला, व तो माझाहि आहे. खेळणाऱ्यांत एक मुलगी आहे. तिचे आजोबा जन्मभर गिरणींत होते व त्याच पावसाळ्यांत वारले होते. भोंग्याचें वर्णन चाललें असतां ती फांसा मुठींत धरून गप्प बसली. मीं तें पाहिलें. पण रंगाचा बेरंग होईल म्हणून थांबविलें नाहीं. शिक्षकास हें शोभलें नाहीं. कित्येक ठिकाणीं खेळतांना टेबलावर फुलीचें एक कार्ड ठेवितात. कोणीहि त्यावर बोट ठेवितांच तो प्रसंग, कारण न विचारतां, सोडून देतात. नको त्या गोष्टी कोणत्या, हेंहि आरंभींच सर्वांस विचारून घेतात. हा नियम मी अनिवार्य मानतों. 'पुरे' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर ती करमणूक राहत नाहीं.

कांहीं पालक म्हणतील, अशानें अंधश्रद्धा वाढेल. मला तसें वाटत नाहीं. ज्यानें स्वतः फांसे टाकून भूत उभें केलें, तो मांत्रिकास पैसे देण्यापूर्वीं दोनदां विचार करील. मात्र वडीलमाणसांनीं एकदां तरी शेजारीं बसून खेळ पाहावा. दाराआडून निषेध करूं नये.

त्या मुलीची मीं क्षमा मागितली. दोन रविवार ती आली नाहीं. तिसऱ्या रविवारीं आली, तों पायरीवरूनच विचारती झाली, "सर, मुंजाला आंत घेतलें कीं तो अजून बाहेरच उभा आहे?"