मथळ्यात 'उंदीर' लिहा की राव!

नात्यातल्या एका काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर बातमी आली, 'अँटिबॉडी सांगणार कॅन्सर नेमका कुठे पसरलाय!' काका म्हणाले, "मग थांबूया की थोडं. ते आलं की बघू." बातमी खालपर्यंत वाचली, तेव्हा शेवटून दुसऱ्या ओळीत उंदीर सापडला.

संशोधन खोटं नाही हो. पण कल्पना जुनी आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठीत सीईए हे प्रथिन सापडलं (काकांच्या रक्ताच्या रिपोर्टवर आहे तेच). १९७४ मध्ये डेव्हिड गोल्डनबर्ग यांच्या गटाने त्याला चिकटणारी किरणोत्सारी अँटिबॉडी हॅमस्टरना टोचली. त्यांच्या अंगात माणसाची गाठ वाढवलेली होती, आणि अँटिबॉडी तिथेच जमली. १९७८ पर्यंत माणसांमध्येही दिसलं.

मग अडलं कुठे? उंदराच्या स्वतःच्या शरीरात हे प्रथिन नसतंच. अंधाऱ्या माळावर एकच दिवा, दिसणारच! माणसाच्या निरोगी आतड्यातही ते थोडं असतं. उंदरापासून बनवलेली अँटिबॉडी उंदराला घरची, पण आपलं शरीर तिला परकी समजून तिच्याविरुद्धच उभं राहतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लिव्हर. हा कॅन्सर बहुतेकदा तिथेच पसरतो, आणि अख्खी अँटिबॉडीही तिथेच साचते. म्हणजे जिथे डाग शोधायचा, तिथेच सगळं उजळलेलं! म्हणून तिचा छोटा तुकडा वापरून स्कॅन तयार केला, त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली १९९६ मध्ये. हॅमस्टरनंतर २२ वर्षांनी. पुढे पेट स्कॅन आला आणि हा बाजारातून गेलासुद्धा.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना पैसा मिळालाच पाहिजे, नाहीतर पहिली सुई थेट माणसाला टोचावी लागेल. माझा राग मथळ्यावर आहे. 'उंदरांमध्ये' हा एक शब्द घालायला किती जागा लागते? तो गाळला की कुणीतरी तारीख पुढे ढकलतं.

आता युरोपात एसजीएम-१०१ नावाच्या चमकणाऱ्या अँटिबॉडीच्या चाचण्या झाल्यात. ती सर्जनला ऑपरेशन चालू असताना गाठ दाखवते. ऑपरेशन चालू असताना, ऑपरेशनऐवजी नाही! काकांना एवढंच सांगितलं. ते परवा ॲडमिट होतायत. ती बातमी मात्र आज दुसऱ्या ग्रुपवरून परत आली.