मिसळणाऱ्याने मोजावे

नाताळ आणि इंग्रजी वर्षाची अखेर जवळ आली की मद्यविक्रीच्या वेळा वाढवून देणारा सरकारी हुकूम निघतो, पाठोपाठ वाहतूक पोलिसांच्या नाकाबंदीचा बंदोबस्त जाहीर होतो, आणि या दोहोंच्या मधल्या अवकाशात, पूर्वी केवळ हॉटेलांच्या बारमध्ये चालणारा एक उद्योग शहरांतील मध्यमवर्गीय घरांच्या स्वयंपाकओट्यावर सुरू होतो. संत्र्यांच्या साली सोलल्या जातात, दालचिनी टाकून साखरेचा पाक उकळतो, आणि घरचा कर्ता मुलगा किंवा सून पाहुण्यांसाठी कॉकटेल तयार करू लागते. या दृश्याकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोनच तऱ्हा आहेत. एका पक्षाला त्यात परकीयांचे अंधानुकरण आणि संस्कृतीचा ऱ्हास दिसतो. दुसऱ्याला अभिरुचीची प्रगती दिसते. माझ्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात, आणि तो प्रश्न प्रमाणाचा आहे.

अनुकरणाचा आक्षेप तर इतिहासापुढे टिकतच नाही. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज कंपनीचे नोकर अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करून जे पेय पीत, तेच पुढे ‘पंच’ या नावाने विलायतेस पोहोचले आणि तिथल्या नाताळच्या मेजवानीत स्थानापन्न झाले. मुंबई, ठाणे आणि वसई या पट्ट्यातला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज, ज्याची घरातली बोली मराठीच आहे, तो लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर उंबराचे पाणी आणायला जातो तेव्हा आणि नाताळातही, ‘खिमड’ नावाचे ऊन पेय देतो. पातेल्यात साखर तांबूस होईपर्यंत परतायची, तिच्यावर पाणी ओतताच उठणारा फणफणाट ओसरू द्यायचा, मग दालचिनी, लवंग आणि वेलदोडा घालून ते उकळायचे, आणि गावठी मद्य मात्र अगदी शेवटी, आच बंद केल्यावर मिसळायचे. कारण मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागतो आणि त्याची वाफ उघड्या ज्योतीवर पेट घेते. या कृतीत हौस आहे तशीच शिस्तही आहे. आणि विधी व सण यांच्या निमित्तानेच हे पेय निघत असल्यामुळे त्याला कालमर्यादा आपोआपच पडलेली असते.

उरलेल्या महाराष्ट्राला ही शिस्त लाभली नाही, याचे एक कारण मला आपल्या दारूबंदीच्या इतिहासात दिसते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अद्याप अमलात आहे. त्याअन्वये मद्य प्राशन करण्यासाठी परवाना लागतो, आणि तो आरोग्यरक्षणार्थ दिला जातो अशी कागदोपत्री मखलाशी आजही कायम आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू उदात्त होता, गोरगरिबांचे संसार धुळीस मिळताना त्यांनी पाहिले होते, आणि म्हणून त्यांची टवाळी करणे मला उचित वाटत नाही. परंतु या कायद्याचा आणि त्यामागील सामाजिक धाकाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की कित्येक पिढ्यांतले पुरुष घराबाहेर, घाईघाईने आणि चोरून प्यायला शिकले, आणि घरी मद्याविषयी अवाक्षरही निघेनासे झाले. जिथे विषयच निषिद्ध, तिथे किती, कशाबरोबर आणि कुठे थांबायचे हे कोण कोणाला शिकवणार? आता बाटली राजरोस घरात आली. परंतु तिच्याबरोबर यावयाचे माप मात्र बाहेरच राहिले.

त्यात कॉकटेलचे स्वरूप असे की ते आपली तीव्रता झाकून ठेवते. आपल्याकडील रम, जिन किंवा व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. म्हणजे ३० मिलीलीटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क आला, आणि ६० मिलीलीटरच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. आणि प्रौढ माणसाचे यकृत तासाभरात साधारणपणे ७ ते ८ ग्रॅमच निकालात काढू शकते. निव्वळ मद्य घशाला जाळते, म्हणून ते स्वतःच पिणाऱ्याला सावध करते. साखर, लिंबू आणि फळांचा रस ही सावधगिरीची घंटाच काढून घेतात. पंचाचे जुने प्रमाण एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग मद्य आणि चार भाग पाणी असे आहे. या हिशेबाने २०० मिलीलीटरच्या पेल्यात ६० मिलीलीटर मद्य, म्हणजे एक सबंध मोठा पेग असतो. आणि जो पाहुणा सरबत समजून असे तीन पेले रिचवतो, त्याला आपण तीन मोठे पेग घेतल्याची गंधवार्ताही नसते. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने चालकाच्या रक्तात १०० मिलीलीटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ती ओलांडायला बहुतेकांना पहिलाच पेला पुरतो. शिवाय पंचाच्या घंगाळात तरंगणाऱ्या सफरचंदाच्या फोडी तासभर रम शोषून बसलेल्या असतात, आणि घरातल्या लहान मुलाचा हात नेमका तिकडेच वळतो.

इथे आपल्या आतिथ्याच्या एका जुन्या रीतीचा विचार करणे प्राप्त आहे. पंगतीत जिलबीचे ताट घेऊन फिरणाऱ्या यजमानाने ‘आणखी एक घ्याच’ म्हणून आग्रह करावा, पाहुण्याने हात आडवा धरावा आणि तरीही पानात जिलबी पडावी, हा आपल्याकडे प्रेमाचा प्रकार मानला जातो, आणि त्याचे पर्यवसान फार तर दुपारच्या गाढ झोपेत होते. हाच आग्रह मद्याच्या बाबतीत गुन्ह्याच्या सीमेवर जातो. अर्धा रिकामा पेला न विचारता भरणे, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणे, नाही म्हणणाऱ्याची चारचौघांत थट्टा करणे, या तिन्ही गोष्टींत आतिथ्य नसून दांडगाई आहे. पेला पूर्ण रिकामा झाल्यावाचून भरू नये, कारण मध्येच भरलेल्या पेल्याची मोजदाद कोणालाच करता येत नाही; आणि जो पीत नाही त्याला कारण विचारू नये.

न पिणाऱ्यांसाठी कोपऱ्यात गारढोण कोल्ड्रिंकची बाटली ठेवून देणे हाही मला एक अपमानच वाटतो. जी मेहनत कॉकटेलवर, तीच त्यांच्या पेयावरही व्हावी. दोन चमचे कोकमाचे आगळ, साखरेचा पाक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेले आले आणि वरून सोडा, एवढ्या सामग्रीत रंगाने आणि चवीने कुठल्याही कॉकटेलच्या तोडीचा पेला सिद्ध होतो. मात्र आगळात मीठ आधीच असते हे विसरू नये. असा पेला हाती असला म्हणजे न पिणारा वेगळा पडत नाही, आणि पिणाऱ्यालाही मध्येच थांबण्यासाठी एक सन्मानाची वाट मिळते.

एवढी मोजमापे केल्यास उत्सवाची मजा ती काय राहणार, असे कोणी विचारील. परंतु ज्याने ही पेये नीट केली आहेत त्याला ठाऊक असते की त्यांची चवदेखील मापातच आहे. ६० मिलीलीटर मद्याला २० ते २५ मिलीलीटर लिंबूरस आणि जवळजवळ तितकाच पाक लागतो. अंदाजाने बाटली उपडी केली की लिंबू आणि पाक दोन्ही मद्याखाली दबून जातात, आणि मग तो दोष झाकण्यासाठी आणखी साखर पडते. बर्फसुद्धा केवळ गारव्यासाठी नसतो. हलवताना तो वितळून जे पाणी देतो, तेही त्या पेयाचे एक अंगच होय. सुरक्षिततेसाठी जे प्रमाण पाळायचे आणि रुचीसाठी जे पाळायचे, ते एकच असल्यामुळे इथे कर्तव्य आणि सुख यांच्यात निवड करण्याची पाळीच येत नाही.

म्हणून यंदा घरी कॉकटेल करू इच्छिणाऱ्यांनी बेलाशक करावीत. फक्त घंगाळापाशी त्यात काय आणि किती आहे हे लिहून ठेवावे, मुलांना त्यापासून लांब ठेवावे, जेवण उशिरा न वाढता आरंभीच वाढावे, आणि गाडी घेऊन आलेल्याची परतण्याची सोय, पहिला पेला ओतण्यापूर्वीच ठरवावी. एका बाजूस ३० आणि दुसऱ्या बाजूस ६० मिलीलीटर मावणारे पोलादी माप कोणत्याही बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. खरेदीच्या यादीत ते सर्वांत वर लिहावे.