बाटल्या गेल्या, उत्तर कुठे आहे?

मैत्रिणींनो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत काम करताना मला रसायनशास्त्राचे विद्यार्थी नेहमी भेटतात. कुठल्या तरी शहरातल्या विद्यापीठातून आलेले असतात, एम.एस्सी.चा प्रकल्प असतो आणि विषय बहुधा भूजलातलं फ्लोराइड. हातपंपाचं पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरतात, चिठ्ठ्या चिकटवतात, दोन आठवड्यांत परततात. कोणता पंप उन्हाळ्यात आटतो, कोणत्यावर डाळ शिजत नाही, हे त्यांना बायाच सांगतात. प्रबंधात मात्र बाई नसते, 'नमुना क्रमांक ७' असतो.

तरी 'हे लोक हवेत कशाला?' असं विचारणाऱ्या कार्यकर्त्यांशी माझं पटत नाही. फ्लोराइडला चव नाही, रंग नाही. बाईचा पाण्याचा अनुभव कितीही मोठा असला तरी तो इथे थिटा पडतो. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. लिटरला दीड मिलिग्रॅम ही मर्यादा. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लहानपणीच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, पुढे सांधे आणि कंबर धरते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्रास अधिक. आणि घरात दुधाचा घोट सर्वांत शेवटी कुणाला मिळतो, ते आपण जाणतोच. वर दात पिवळे म्हणून मुलगी पाहायला आलेले परत जातात, दोष तिच्या दात घासण्याला! असं असताना, तपासलेल्या पंपाचा आकडा कपाटातल्या इंग्रजी प्रबंधात पडून राहणं हा माझ्या मते अन्याय आहे. वरोरा तालुक्यातल्या एका बाईनं मला विचारलं होतं, "ताई, बाटल्या नेल्या, आमच्या पाण्याचं काय निघालं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण ते कुणी पाठवलंच नव्हतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीनं निर्णय घेतले, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले. बाहेरच्या जाणकाराबरोबर बसून गावही अभ्यास करू शकतं, हे तिथे दिसलं. मग पाण्याचा अभ्यास का नको? झिर्कोनियम-अलिझरीनची साधी चाचणी असते. फ्लोराइड वाढेल तसा गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो. दहावी झालेली गावातली मुलगी ती सहज शिकेल. विद्यार्थ्यानं नमुने नेण्याआधी बायांच्या सभेत विषय सांगावा आणि पंपनिहाय आकडे मराठीत, गरज असेल तिथे गोंडीत, सभेत येऊन वाचावेत. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. प्रकल्पाचे काही गुण या सभेसाठी राखायची सुरुवात तिथून व्हावी.

एक अडचण मात्र आपल्यालाच सोडवायची आहे. पंपाला लाल रंग लागला की दुसरं पाणी आणायला लांब चालणार बाईच. नागपूरच्या 'नीरी'नं विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड काढता येतं, पण घरोघरी ते रोज ढवळत बसणारीही तीच. म्हणून आकडे येतील त्याच सभेत ग्रामपंचायतीकडे सुरक्षित नळाची लेखी मागणी गेली पाहिजे, आणि त्या अर्जाला विद्यार्थ्याचा तक्ता जोडलेला हवा.