नगर कोणाचे?

नगर कोणी वसवले आणि नगर कोणाचे झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरे, रस्ते आणि बाजारपेठा शासनाच्या आदेशाने उभ्या राहू शकतात. परंतु तेथे राहणाऱ्यांच्या मनात आपलेपणा निर्माण करणे आदेशाला साधत नाही. त्यासाठी स्थानिक स्वराज्य लागते. इंग्लंडमधील स्टीव्हनेज नगराचा इतिहास याची साक्ष देतो.

लंडनच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, हर्टफर्डशर काउंटीत स्टीव्हनेज वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने लंडनमधील असंख्य कुटुंबे बेघर झाली. जुन्या वस्त्यांतील दाटी तर युद्धापूर्वीचीच होती. यावर उपाय म्हणून १९४६ साली ब्रिटिश संसदेने नवनगर कायदा संमत केला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला स्टीव्हनेज हे या कायद्याखालील पहिले नवनगर म्हणून घोषित झाले. तेव्हा तेथे जेमतेम सहा-साडेसहा हजार लोक राहत होते. योजना मात्र साठ हजारांची होती.

ज्यांची शेते आणि घरे या योजनेत जाणार होती, ते संतापले. मंत्री लुईस सिल्किन सभेसाठी आले असता त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा सोडण्यात आली. रेल्वे स्थानकावर ‘सिल्किनग्राड’ असे फलक झळकले. हा वाद न्यायालयात गेला. परंतु १९४७ मध्ये अंतिम निकाल सरकारच्या बाजूने लागला.

या विरोधाला निव्वळ स्वार्थ म्हणून हिणवणे न्यायाचे नाही. त्याचप्रमाणे डोक्यावर छप्पर नसलेल्या लंडनवासीयांची गरजही खोटी नव्हती. उणीव होती ती निर्णयाच्या पद्धतीत. स्टीव्हनेजला लोकांनी निवडलेली परिषद पूर्वीपासून होती. तरीही वाढीची सूत्रे विकास महामंडळाच्या हाती गेली आणि त्याचे सदस्य मंत्री नेमत असत. त्यांना जाब विचारण्याचा मार्ग मतपेटीतून जात नव्हता.

महामंडळाचे कार्य थोर होते, हे मान्य केलेच पाहिजे. त्याने शाळा आणि दुकानांसह स्वयंपूर्ण वस्त्या उभारल्या, सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आखले. १९५९ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते खुले झालेले, वाहनांना मज्जाव असलेले नगरकेंद्र ब्रिटनमध्ये आपल्या प्रकारचे पहिले ठरले. मात्र ही केवळ नियोजनकारांची देणगी नव्हती. पादचाऱ्यांसाठीच्या या केंद्राला रहिवाशांनीही पाठिंबा दिला होता. लोकांना विचारल्याने योजना बिघडतेच असे नाही, हे यावरून दिसते.

१९७४ साली स्टीव्हनेज बरोचा दर्जा असलेला जिल्हा बनला. बरो म्हणजे स्वतःची निर्वाचित परिषद आणि महापौर असलेले नगर. महामंडळ १९८० मध्ये विसर्जित झाले. घरबांधणीची परवानगी, परिषदेची भाड्याची घरे, कचरा उचलणे ही कामे बरो परिषदेकडे, तर शाळा आणि मोठे रस्ते काउंटीकडे, अशी विभागणी झाली. नवनगर घोषित झाल्यापासून महामंडळ जाईपर्यंत चौतीस वर्षे लोटली. इतक्या काळात एक पिढी जन्मून कर्ती होते.

२०२१ च्या जनगणनेनुसार या बरोची लोकसंख्या सुमारे ८९,५०० होती. वाढीचा प्रश्न संपलेला नाही आणि अधिकाराचाही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिकेद्वारे काउंटी आणि जिल्हा ही दुहेरी व्यवस्था मोडून मोठ्या एकस्तरीय परिषदा स्थापण्याचा प्रस्ताव मांडला. मोठ्या परिषदेमुळे खर्च वाचेल आणि निर्णय लवकर होतील, असे त्याचे समर्थक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य असू शकेल. परंतु परिषद जितकी मोठी, तितका एकेका मतदाराचा आवाज क्षीण होण्याचा धोकाही अधिक. छोट्या परिषदेचा कारभार कदाचित संथ असेल. तरी तिचा सदस्य रस्त्यात भेटतो आणि त्याला प्रश्न विचारता येतो.

नगराची वाढ घरांच्या संख्येने मोजली जाते. त्याचे स्वास्थ्य मात्र, त्या घरांत राहणाऱ्यांना निर्णयात किती वाटा मिळाला, यावरच ठरते.