पहिला दिवस

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, हे वाक्य आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांनी निबंधात एकदा तरी लिहिले असेल. आम्हीही विद्यार्थिदशेत ते लिहून बरे गुण मिळविले आहेत. परंतु केवळ आगगाडीत किंवा विमानात बसल्याने शहाणपण येत असते, तर सामानाच्या पेट्या आपणा सर्वांहून अधिक शहाण्या झाल्या असत्या! प्रवासात काय पाहावे, किती पाहावे आणि कोणत्या वृत्तीने पाहावे, याविषयी आमचे मत एका दिवसात पालटले. तो दिवस येथे सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे मुलांच्या एका सुटीतील वर्गात विनावेतन इंग्रजी शिकविण्याचा योग आम्हांस आला. विनावेतन शिकविणाऱ्या मनुष्याच्या अंगी नकळत एक प्रकारची दात्याची ऐट शिरते. आपण काही देण्यासाठी आलो आहोत, आणि समोरच्यांनी ते घ्यावयाचे आहे, अशी त्याची समजूत असते. आमचीही तशीच होती. वर्ग सुरू होण्यापूर्वी एक दिवस मोकळा होता. त्या एका दिवसात उरकावयाच्या अकरा स्थळांची यादी आम्ही घरूनच करून नेली होती. हिवाळी राजवाडा, पीटर आणि पॉल यांच्या नावाचा किल्ला, काझान कॅथीड्रल, पीटर बादशहाचा अश्वारूढ पुतळा, असा तो क्रम होता. प्रत्येकापुढे मिनिटेही मांडलेली होती.

यादीला पहिला धक्का घराबाहेर पडताच बसला. रस्त्यावरील पाट्या आम्हांस वाचता येईनात. अक्षरे अगदी अनोळखी असती तर दुःख नव्हते. अर्धी इंग्रजीसारखी दिसत, पण उच्चार निराळाच. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर तेथे 'र' होते, 'सी'सारखे 'स' होते आणि 'एच'सारखे 'न' होते. एका पाटीवर आम्ही मोठ्या प्रयासाने 'पेक्टोपाह' असे वाचले, आणि हे कोणा थोर पुरुषाचे नाव असावे असा तर्क केला. ते साधे 'रेस्तोरान', म्हणजे उपाहारगृह होते! दुसऱ्या दिवशी मुलांना अक्षरे शिकविणार असलेले गुरुजी आदल्या दिवशी निरक्षर ठरले. बालवर्गातील मुलाला फळ्याकडे पाहून काय वाटत असेल, याची आठवण आम्हांस कित्येक वर्षांनी तेथे झाली. आमच्या मते, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने निदान एक दिवस असा निरक्षर होऊन काढावा.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या वृद्ध बाई निवृत्त शिक्षिका होत्या. आमची फजिती पाहून त्या स्वतःच बरोबर निघाल्या. त्यांनी प्रथम आमच्या वडिलांचे नाव विचारले. रशियात वडीलधाऱ्यांस व शिक्षकांस आदराने हाक मारताना त्यांचे नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून झालेले नाव घेतात. नुसत्या पहिल्या नावाने शिक्षकास कोणी पुकारीत नाही. आमच्याकडेही हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे पित्याचे नाव असते, हे सांगताच बाईंना फार आनंद झाला. त्यांना इंग्रजी थोडे येई, आम्हांस रशियन मुळीच नाही. तरी त्या दिवसभर संभाषण अडले नाही.

त्यांनी आम्हांस नेव्हस्की या राजमार्गावर नेले. आम्ही राजवाड्याकडे जाण्याची घाई करीत होतो. त्या मात्र 14 क्रमांकाच्या इमारतीपाशी थांबल्या. ती एक शाळा आहे. तिच्या भिंतीवर निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांची एक पाटी असून खाली फुले ठेवलेली होती. तोफांचा मारा चालू असता रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची आहे, अशी नागरिकांना दिलेली सूचना त्या पाटीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या सप्टेंबरपासून 1944 च्या जानेवारीपर्यंत, जर्मन सैन्याने या नगराला वेढा घातला होता. नगराचे नाव तेव्हा लेनिनग्राड होते. वेढा 872 दिवस चालला. शत्रूच्या तोफा दक्षिणेकडे होत्या. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या, एरवी उन्हाच्या, हव्याहव्याशा बाजूवर गोळे अधिक पडत. युद्धकाळातील तशा सूचनेची आठवण म्हणून ती पाटी पुढे पुन्हा रंगवून जतन केली आहे.

बाईंनी आपला तळहात पसरून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने एक लहान चौकोन काढला. 1941 च्या नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मुलांना व घरी असणाऱ्या माणसांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळे, आणि तोही निव्वळ पिठाचा नसे. त्या हिवाळ्यातही काही शाळा चालू राहिल्या. दौतीतील शाई गोठत असे. आमच्यापैकी किती जण पावसाची सर आली म्हणून शाळेस दांडी मारतात, हा विचार त्या ठिकाणी मनात आल्याशिवाय राहिला नाही. हे कोणास टोचण्यासाठी लिहीत नाही. आम्ही स्वतःही त्यात पटाईत होतो.

तेथून चालत आम्ही सेंट आयझॅकच्या चौकात आलो. चौकातील कॅथीड्रलचा सोन्याचा मुलामा दिलेला घुमट दूरवरून दिसतो. मंदिराचे बांधकाम 1818 साली सुरू होऊन 1858 साली पुरे झाले. वेढ्याच्या काळात शत्रूला नेमासाठी खूण मिळू नये म्हणून तो झळाळता घुमट करड्या रंगाने रंगविला होता, आणि समोरच्या चौकात लोकांनी कोबी लावली होती. दगडी खांबांवर तोफगोळ्यांच्या कपच्यांचे वण अद्याप दिसतात. ते मुद्दामच बुजविलेले नाहीत.

परंतु त्या चौकात बाईंनी आम्हांस ज्या इमारतीपुढे अधिक वेळ उभे केले, ती आमच्या यादीत नव्हती, आणि प्रवाशांची तेथे गर्दीही नव्हती. ती वनस्पतिशास्त्राची संस्था आहे. निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतून गोळा केलेले धान्यांचे, कडधान्यांचे व फळभाज्यांचे एक लाखाहून अधिक नमुने तेथे साठविलेले होते. उद्याच्या पिकांवर रोग आला, दुष्काळ पडला, तर याच बियाण्यांतून नवे वाण निघावयाचे होते. वेढा पडला तेव्हा संस्थेतील माणसे उपाशी होती, आणि त्यांच्या हाताशी गहू, तांदूळ, मका, वाटाणे यांची पाकिटे होती. त्यांनी ती खाल्ली नाहीत. तांदळाच्या संग्रहाचे रक्षक इवानोव भुकेने मेले. भुईमुगाचे अभ्यासक शूकिन मेले. असे आणखीही अनेक. खुद्द वाविलोव तेव्हा तेथे नव्हता. त्याला त्याच्याच सरकारने 1940 साली पकडले होते, आणि जगाच्या अन्नाची चिंता वाहणारा हा मनुष्य 1943 साली सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. पहिल्या गोष्टीबरोबर ही दुसरी गोष्टही बाईंनी सांगितली, लपविली नाही. आपल्या नगराचा अभिमान असावा तर असा, असे आम्हांस वाटले.

इतक्यात दुपारी किल्ल्यावरील तोफ झाली. ती रोज बारा वाजता होते, आणि तिचा अर्थ घड्याळ लावून घ्या इतकाच आहे. तरी आम्ही दचकलो. बाई हसल्या. यादीतील अकरांपैकी एकच स्थळ तोवर पाहून झाले होते. पुढे नदीकाठी पीटरचा पुतळा पाहिला. तो 1782 साली उभारलेला असून वेढ्यात वाळू व फळ्या यांनी झाकून वाचविला होता. तेवढ्यावर यादी आम्ही घडी करून खिशात ठेवली.

कोणी म्हणेल, एवढ्या दूर जाऊन राजवाडा पाहिला नाही हा कसला शहाणपणा? राजवाडाही आम्ही पुढे एका रविवारी पाहिला, आणि तेथील चित्रे पाहून मन तृप्त झाले. राजवाड्यांशी आमचे वैर नाही. आमचे म्हणणे क्रमाचे आहे. ज्यांच्या मुलांना शिकवावयाचे, त्यांनी काय सोसले आणि काय जपले हे आधी समजून घ्यावे. त्यांची झुंबरे कोठे पळून जात नाहीत.

हे लिहिताना एक गोष्ट मनाला बोचते, व ती न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2022 च्या फेब्रुवारीत त्याच देशाच्या सैन्याने युक्रेनवर चाल केली, आणि दुसऱ्या नगरांतील शाळांवर गोळे पडले. ज्या नगराने तोफांचा मारा असा सोसला, त्याच्या राज्यकर्त्यांना ती निळी पाटी वाचता येऊ नये, याचे नवल आणि दुःख दोन्ही वाटते. पाट्या न वाचता येणारे आम्ही एकटेच नव्हतो तर!

आपल्या शाळेच्या सहलींविषयीही पालकांपुढे एक विचार ठेवावासा वाटतो. दोन दिवसांत सात ठिकाणे, असे पत्रक निघाले की सहल स्वस्त पडली म्हणून आपण संतोष मानतो. मुले बसमध्ये झोपतात, उतरतात, छायाचित्र काढतात आणि पुन्हा चढतात. त्यापेक्षा एकच गाव, एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर आयुष्य काढलेले एखादे म्हातारे माणूस, एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. वर्गणी कदाचित तेवढीच पडेल. पत्रक मात्र फारच लहान होईल, आणि तेच आपल्याला पसंत पडत नाही.

त्या दिवशी रात्री दहा वाजले तरी सूर्य मावळला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारले, काल काय काय पाहिलेत? आम्ही नेव्हस्कीचे नाव घेतले. पुढच्या बाकावरील एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने अडखळत, पण शुद्ध इंग्रजीत विचारले, "कोणत्या बाजूने चाललात?"