८५ हजार भरण्याआधी

आपाचा मुलगा मागच्या महिन्यात सोलापूरहून पुण्याला माझ्याकडे आला, तो एका कोर्सचं माहितीपत्रक घेऊनच. सहा महिन्यांत यूएक्स-यूआय डिझायनर, फी ८५ हजार, हप्त्यांची सोय. "खाला, एवढं केलं की नोकरी पक्की," म्हणाला. आपा घरी शिवणकाम करते. ८५ हजार म्हणजे किती ब्लाउज, हा हिशोब मी त्याच्यादेखत केला नाही. मनात केला.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यूआय म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते: बटणं, अक्षरं, रंग, मांडणी. यूएक्स म्हणजे त्या स्क्रीनवर माणसाचं काम झालं का, आणि करताना त्याचा जीव किती मेटाकुटीला आला. या क्षेत्रात मला १२ वर्षं झाली. नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींची कामं तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. प्रत्येकाकडे तेच जेवण मागवायचं ॲप, तेच गुळगुळीत रंग, आणि हे कुणाला वापरायला दिलं होतं का, असं विचारलं की शांतता.

माझं मत स्पष्ट आहे. या विषयातलं उत्तम साहित्य बरंचसं फुकट किंवा एका पुस्तकाच्या किमतीत मिळतं. डॉन नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' १९८८ सालचं. त्यात मोबाइल नव्हे, दरवाजे, नळ आणि शेगड्या आहेत. ओढायची मूठ लावलेलं दार ढकलावं लागत असेल, तर चूक माणसाची नसून दाराची, एवढी गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सोपं जातं. स्टीव्ह क्रुग यांचं 'डोन्ट मेक मी थिंक' (२०००) तर प्रवासात वाचून संपेल. जेकब निल्सन यांची १९९४ची दहा तत्त्वं निल्सन नॉर्मन ग्रुपच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. गूगलचं मटेरियल डिझाइन आणि ॲपलचे नियम खुले आहेत. फिग्मा सरावापुरतं फुकट मिळतं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाचा 'डीसोर्स' प्रकल्पही जरूर पाहावा.

अडचण वेगळीच आहे. हे जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे आणि त्यातली उदाहरणंही तिकडची. ड्रिबलवरची चित्रं बघून शिकलेला मुलगा 'सबमिट'च्या मापाचं बटण काढतो आणि तिथे 'अर्ज दाखल करा' बसत नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवतो आणि वेलांट्यांची टोकं कापली जातात. आपले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एक टाइपचा 'मुक्ता' फॉन्ट फुकट मिळतो. तो उतरवून घ्यावा आणि पहिल्या दिवसापासून मराठी मजकुरावर काम करावं. कोर्स ही उणीव भरून काढत असेल तर मी स्वतः पैसे देईन. त्या माहितीपत्रकात तसं काही नव्हतं.

मी भाच्याला क्रुगचं पुस्तक दिलं आणि एक काम दिलं. धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होताच. तो या वेळी अम्मीला भरू दे, आपण शेजारी वही घेऊन बस आणि तोंड उघडू नकोस. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. जन्मतारखेला कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्याचं. आपाचा जन्म १९७९चा. वरच्या सालावर बोट ठेवलं की सालांची यादी येते, हे तिला कसं कळणार? ती एकेक महिना मागे जात राहिली. २०१६पर्यंत पोचली आणि अर्जाची वेळ संपली. भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा सुरुवात. मग नाव. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत शेखचं स्पेलिंग एस-एच-ए-आयने, आधारवर एस-एच-ई-आयने. मराठीत दोन्हीकडे शेख ते शेखच. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'माहिती अवैध' एवढंच आलं. काय अवैध, कुठे दुरुस्त करायचं, काही नाही. आपाने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "मलाच जमत नाही रे हे." नॉर्मन यांनी पुस्तकभर हेच सांगितलंय: वस्तू वाईट बनलेली असते आणि माणूस दोष स्वतःला देतो. फॉर्म बनवणाऱ्यांपैकी कुणी अशा एका शेखच्या शेजारी अर्धा तास बसलं असतं, तर हे उमगलं असतं. आमच्या किती घरांतल्या मुलींची शिष्यवृत्ती या एका अक्षरापायी अडते, ते मी लहानपणापासून बघतेय.

निल्सन यांचं म्हणणं, एका फेरीत पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक दोष हाती लागतात. ते सुधारायचे आणि पुन्हा पाच जण शोधायचे. सोलापुरात एका गल्लीत पाच माणसं मिळायला ८५ हजार लागत नाहीत.

कोर्स सगळे फसवे असतात, असं मी म्हणत नाही. एकट्याने शिकताना दोन गोष्टी मिळत नाहीत: सोबत, आणि आपल्या कामातल्या चुका तोंडावर सांगणारा माणूस. म्हणून पैसे भरण्याआधी तिथे विचारा. आमचं काम कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळा? खऱ्या माणसांसमोर बसवणार का? 'नोकरीची हमी'खालचा बारीक मजकूरही वाचा. भाच्याने हे प्रश्न विचारले. उत्तराऐवजी सवलतीचा फोन आला. त्याने अजून काही ठरवलेलं नाही आणि मीही दामटत नाही.

परवा त्याने कागदावर नवा फॉर्म काढला. कॅलेंडरच्या जागी तीन चौकोन: दिवस, महिना, साल. आपाने मशीन थांबवलं, पेन्सिलीने तिन्ही भरले, चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि चुकलं तर खोडायचं कुठे?"

तो कागद घेऊन पुन्हा बसला.