प्रगतिपुस्तक वाचायचे कसे?

शाळेचा निकाल लागला की घरी येणाऱ्या प्रगतिपुस्तकात पालकांची नजर सहसा दोनच ठिकाणी जाते. एक श्रेणीवर आणि दुसरी सहीच्या रकान्यावर. वर्गशिक्षकांनी मधल्या पानांवर लिहिलेल्या ओळी अनेक घरांत न वाचताच राहतात आणि सही झालेले पुस्तक शाळेत परत जाते. ही सवय आता मुलांना महाग पडू शकते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. 2019 मध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीच्या परीक्षेबाबत राज्यांना मोकळीक दिली. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2023 मध्ये या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षेचा निर्णय घेतला. अनुत्तीर्ण मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते. पालकांना हा निर्णय अचानक कोसळल्यासारखा वाटतो. वास्तविक त्याची चाहूल तिसरी-चौथीच्या किंवा सहावी-सातवीच्या प्रगतिपुस्तकात बहुधा आधीच लागलेली असते.

त्यासाठी श्रेणी कशी बनते हे समजून घ्यायला हवे. ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याचे दोन भाग आहेत. आकारिक मूल्यमापन वर्षभर चालते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी त्याची साधने आहेत. संकलित मूल्यमापन सत्राच्या शेवटी होते. या पद्धतीत तिसरी-चौथीला आकारिक भागाला 60 टक्के आणि संकलित भागाला 40 टक्के भारांश ठेवण्यात आला. सातवीत हेच प्रमाण उलटले. त्यामुळे तिसरीतील 'ब-1' आणि सातवीतील 'ब-1' यांचा अर्थ सारखा नसतो. शिवाय 71 आणि 80 टक्के या दोन्ही गुणांना 'ब-1' हीच श्रेणी मिळते, आणि 70 टक्क्यांना मात्र 'ब-2'. शेजारच्या मुलाची श्रेणी एका पायरीने वर आहे म्हणून घरात होणारा कलह अनेकदा एका गुणावरून झालेला असतो.

खरी माहिती दोन भागांतील तफावतीत असते. प्रकल्पात आणि तोंडी कामात पुढे असलेले मूल लेखी परीक्षेत मागे पडत असेल, तर त्याला विषय समजतो, पण लिहिण्याचा वेग किंवा वाचन कमी पडते, अशी शक्यता असते. लेखी गुण चांगले आणि तोंडी काम कच्चे असेल, तर पाठांतराचा किंवा संकोचाचा विचार करावा लागतो. दोन्ही मुलांची श्रेणी एकच असू शकते. उपाय मात्र वेगळे आहेत. 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' या नोंदी त्यासाठीच असतात.

या नोंदी कित्येकदा ठरीव साच्याच्या असतात, ही तक्रार खोटी नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्राथमिक स्तरावर 30 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे कायदा सांगतो. त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देण्याची मुभाही ठेवली आहे. या धबडग्यात प्रत्येक मुलासाठी वेगळी नोंद लिहिणारा शिक्षक नियमापेक्षा अधिक काही करत असतो. ती नोंद कोणी वाचतच नाही, असा अनुभव वर्षानुवर्षे आला, तर साच्यातील वाक्यांकडे वळण्याचा मोह त्यालाही होणारच.

गुणांच्या आकड्यापलीकडे पाहणारा शिक्षक काय घडवू शकतो, याचे उदाहरण छत्रपती संभाजीनगरला दूर शोधावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1907 मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. आजच्या हिशेबात ही टक्केवारी चाळिशीही गाठत नाही. विल्सन हायस्कूलमध्ये अध्यापन करणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मात्र चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा हेरला होता. सत्कार सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्याच प्रयत्नाने सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच विद्यार्थ्याने 1950 मध्ये या शहरात मराठवाड्यातील मुलांसाठी महाविद्यालय उभे केले. भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव त्याला मिळाले आणि परिसराला नागसेनवन हे नाव लाभले.

प्रश्न विचारण्याची ही रीत पालकसभेतही यायला हवी. 'आमचा मुलगा कितवा आला' यापेक्षा 'त्याला नेमके कोठे अडते आणि घरी काय करता येईल' हा प्रश्न अधिक कामाचा आहे. वाळूजच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या पालकांना सभेची वेळ साधणे अवघड असते, हे शाळांनीही ध्यानात घ्यायला हवे. ज्या घरात प्रगतिपुस्तक वाचता येणारे कोणी नाही, तेथे शिक्षकाने पाच मिनिटे बोलून सांगणे हाच खरा अहवाल ठरतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तक सर्वांगीण करण्याची आणि त्यात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या व सहाध्यायांच्या मूल्यमापनाला जागा देण्याची शिफारस केली आहे. रकाने वाढतील, तसे शिक्षकांचे लेखनही वाढेल. ते वाचणारा पालक नसेल, तर नवे पुस्तकही सहीपुरतेच उरेल.

5 सप्टेंबरला शिक्षकांना गुलाबाचे फूल देण्याची प्रथा चांगलीच आहे. पण ज्या शिक्षकाने 'शब्दोच्चार सुधारले, वाचनाला सराव हवा' असे मनापासून लिहिले, त्याला सत्राच्या अखेरीस 'तुम्ही सांगितल्यापासून रोज वाचन घेतो, आता अडखळत नाही' असे पालकाने येऊन सांगितले, तर त्याहून मोठे आभार नाहीत. त्या एका वाक्याने पुढच्या चाळीस मुलांच्या नोंदी अधिक काळजीने लिहिल्या जातील.